जांभळी नाक्याचा बिडाचा तवा की ऑनलाइनचं पॅन? घरी स्टेक करून बघितलेला आठ महिन्यांचा हिशोब

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू दोन बिडाच्या भांड्यांचा आणि एका थर्मामीटरचा आहे, पण मांसाबद्दल बोलल्याशिवाय तो लिहिताच येत नाही, त्यामुळे ज्यांचा आज वार आहे किंवा जे खातच नाहीत त्यांनी इथूनच वळा, काही राग नाही. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा कारण लांबलंय.

मी ठाण्यातलाच, नौपाड्यात वाढलो, आता घोडबंदरला कासारवडवलीच्या पुढे राहतो. आमच्या लहानपणी स्टेक हा शब्दच नव्हता, सिझलर होता. वाढदिवसाला कुठेतरी न्यायचे, मग तो धूर सोडत येणारा लाकडी पाट, त्यावर काळी बिडाची प्लेट, तळाला कोबीचं पान आणि वर सॉसमध्ये बुडालेलं काहीतरी. आवाजच इतका व्हायचा की चव कशी होती ते कोणी विचारायचंच नाही. खरा स्टेक पहिल्यांदा खाल्ला तो ऑफिसच्या कामाने मेलबर्नला गेलो तेव्हा. रिबआय, म्हणजे गाईबैलाच्या बरगडीजवळच्या मांसाची वडी, दोन बोटं जाड, वर फक्त मीठ आणि मिरपूड, ना ग्रेव्ही ना आलं-लसूण. पहिल्या घासाला वाटलं हे लोक मसाला घालायला विसरले, तिसऱ्या घासाला माझं बोलणं बंद झालं.

परत आल्यावर तेच घरी करायचं डोक्यात बसलं. आता एक गोष्ट इथेच सांगतो कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती आणि मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीचं मांस त्यात येत नाही. म्हणजे इकडे हॉटेलच्या मेन्यूकार्डावर काहीही छापलेलं असू दे, ताटात येतं ते बहुतेक म्हशीचंच, ज्याला सगळे बफ म्हणतात. बफ वाईट नाही हो, फक्त वेगळं आहे. रिबआयची सगळी मजा मांसाच्या आत धाग्याधाग्यांमध्ये पसरलेल्या पांढऱ्या चरबीत असते, अमेरिकेत प्राइम, चॉइस वगैरे प्रती लावतात त्या मुख्यतः त्या चरबीवरूनच. बफमध्ये ती जवळपास नसतेच. रंग गडद, चरबी कमी, जरा जास्त शिजलं की खेळ खलास. म्हणून यूट्यूबवर टेक्सासचा माणूस जे करतो ते जसंच्या तसं इथे केलं तर फसणार, आणि मी फसलोच.

पहिला प्रयत्न रविवारी दुपारी. जवळच्याच एका दुकानातून अर्धा किलो बफ आणलं, कुठला भाग आहे ते विचारलंसुद्धा नाही. नळाखाली खळखळून धुतलं (सगळे धुतात, मला माहितीये), तसंच ओलं नॉनस्टिक पॅनवर टाकलं. चर्र असा आवाज दोन सेकंद आला आणि मग पाणी सुटलं, इतकं पाणी की झाकण ठेवलं असतं तर आमटी झाली असती. रंग आला तो शाळेच्या युनिफॉर्मच्या पँटसारखा, राखाडी. बायको पाच मिनिटं शांतपणे चावत होती, मग म्हणाली, अरे, हा घास संपेपर्यंत आपण सिग्नल लागूनही माजिवड्याला पोचलो असतो. घोडबंदरचं ट्रॅफिक सोसणाऱ्यांना कळेल ही केवढी शिवी आहे ती.

चूक एक नव्हती, चार होत्या, पण मूळ एकच, पाणी. मांसाला तो तपकिरी खरपूस थर येतो त्याला मायार्ड रिअ‍ॅक्शन म्हणतात, मायार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने १९१२ मध्ये ती मांडली, आणि ती धडाक्यात सुरू व्हायला पृष्ठभाग साधारण १४० डिग्रीच्या वर जावा लागतो. पाणी १००ला उकळतं. म्हणजे जोवर वरती ओल आहे तोवर तुम्ही मांस भाजत नाहीये, वाफवताय, खाली गॅस कितीही मोठा करा. आणि नॉनस्टिक पॅन तेवढं तापवायचंच नसतं, २६०च्या वर गेलं की त्याचं कोटिंगच खराब व्हायला लागतं. म्हणून बीड.

तर तवा. जांभळी नाक्याच्या मार्केटमध्ये गेलो, एका भांडीवाल्याकडे बाहेर रस्त्यावरच बिडाच्या तव्यांची चळत लावलेली होती, आप्पेपात्रं, कढया, सगळं काळंकरडं आणि हाताला खरखरीत. मी सगळ्यात वरचा उचलला तर काका म्हणाले, "तो नको, थांबा." त्यांनी चार तवे काढले, एकेक कानाला धरून उचलायचा आणि बोटाच्या पेराने वाजवायचा. तीन तव्यांचा घंटेसारखा लांबलेला आवाज आला, चौथा नुसता ठप्प. "याला कुठेतरी केस गेलाय," म्हणाले, म्हणजे बारीक तडा. मला डोळ्याने काहीच दिसला नाही. दहा इंची, दोन कान असलेला, घरी वजन केलं तर दोन किलो दोनशे. सातशे रुपये दिले.

तो लगेच वापरता येत नाही हे लक्षात ठेवा. आईला फोन केला तर तिने पाठ असल्यासारखं सांगितलं, घासून धू, दोन दिवस तांदळाच्या धुवणात ठेव, रोज पाणी बदल, मग गॅसवर कोरडा कर आणि अर्धा कांदा तेलात बुडवून चोळत राहा. मी तेच केलं, पाच-सहा वेळा. तेलाचा पातळ, म्हणजे अगदी पुसून काढल्यावर जेवढा उरेल तेवढाच थर तापवला की तो कडक होऊन लोखंडाला धरतो, यूट्यूबवाले त्याला सीझनिंग म्हणतात, आई म्हणते तवा तयार करणे. पहिल्या दिवशी मी हात सैल सोडून तेल ओतलं होतं तर नुसता चिकट गुळाच्या पाकासारखा झाला, परत घासावा लागला.

दुसरं भांडं ऑनलाइन मागवलं, दांडा असलेलं पॅन, ज्याला स्किलेट म्हणतात. ब्रँडचं नाव लिहीत नाही, भांडण नकोय. सोळाशे रुपये, आतून आरशासारखं गुळगुळीत, आधीच सीझन केलेलं म्हणून येतं, खोका उघडल्यावर असं वाटतं की आपण काहीतरी घेतलंय बुवा. पण ओट्यावर ठेवलं तर डुगडुगायला लागलं. तळाला मधोमध किंचित फुगवटा. साध्या शेगडीच्या जाळीवर चालून जातं पण इंडक्शनवर फिरकीसारखं फिरेल. कस्टमर केअरला व्हिडिओ पाठवला, त्यांनी सांगितलं की हे नॉर्मल आहे, तीन वेळा तीन वेगळ्या माणसांनी हेच सांगितलं, मग मी सोडून दिलं. तव्याचा तळ मात्र सपाट, आणि काकांनी तर काही दावाही केला नव्हता.

एक चाचणी सांगतो, कुठलंही पॅन घ्या तुम्ही, करून बघा. कोरड्या पॅनवर चमचाभर कणीक पातळ भुरभुरवायची आणि मोठ्या बर्नरवर मध्यम गॅस ठेवायचा. कणीक जिथे आधी तांबूस होते तिथे आच जास्त लागतेय. मी दोन्हीवर केलं. दोन मिनिटांत दोन्हीकडे बांगडीसारखं तपकिरी गोल उमटलं, ज्वाळा लागतात बरोबर त्या जागी, आणि मध्यभाग नि कडा पांढऱ्याच. लोकांना वाटतं बिडाचं भांडं सगळीकडे सारखं तापतं, नाही तापत, उष्णता पसरवण्यात ते अ‍ॅल्युमिनियमच्या पासंगालाही पुरत नाही. त्याचा गुण वेगळाच आहे, जड असल्यामुळे एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं, थंड मांस पडलं तरी बसत नाही. म्हणून त्याला वेळ द्यायचा. मंद ते मध्यम गॅसवर आठ-दहा मिनिटं, मधूनमधून फिरवत. तव्याला आठ मिनिटांनी बऱ्यापैकी समान रंग आला, पॅनला अकरा लागली, आणि फुगवट्यामुळे तेल आपोआप कडेला पळत होतं ते वेगळंच.

आता मांस. तलावपाळीच्या पलीकडे एक कोल्ड स्टोरेज, म्हणजे थंड ठेवलेल्या मांसाचं दुकान आहे, नाव नको, रविवारी आधीच रांग असते तिथे. मी गेलो आणि म्हटलं, अंकल, स्टेकसाठी पाहिजे. त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती इंच?"

मला आयुष्यात कुठल्याच मटणवाल्याने हा प्रश्न विचारला नव्हता. रस्सा की सुकं, एवढंच विचारतात. मी गप्प बघून तेच म्हणाले, "दीड इंच ने. पातळ नेलंस तर वरून रंग येईस्तोवर आतून चप्पल होईल." आणि मग त्यांनी अंडरकट काढला. हा पाठीच्या कण्याच्या खाली आतल्या बाजूला असलेला लांबट स्नायू, जनावर चाललं-बसलं तरी त्याला फारसं काम नसतं म्हणून तो सगळ्यात मऊ, बाहेर टेंडरलॉइन म्हणतात तोच. एका टोकाला जाड, दुसरीकडे शेपटीसारखा निमुळता. स्टेकला मधला भाग, शेपटीचं चिली फ्राय करा. किलोला साडेपाचशेच्या आसपास पडला मला, म्हणजे मटणापेक्षा बराच स्वस्त, त्यामुळे स्टेक म्हणजे श्रीमंतांचे चोचले हे काही खरं नाही. त्याच्यावर एक चंदेरी चकचकीत पापुद्रा असतो, तो शिजत नाही, आक्रसतो आणि वडीचा वाकडा द्रोण करतो, त्यामुळे सुरीचं टोक त्याच्याखाली घालून, पापुद्रा डाव्या हाताने ताणून धरून खरवडत न्यायचा. अंकल काढून देतात, पण गर्दीत अर्धा ठेवतात, घरी बघून घ्या.

इथे माझ्या आणि आईच्या विचारांची पहिली टक्कर झाली. आम्ही सीकेपी, मटणावर मत नसलेला माणूस आमच्यात जन्माला येत नाही, आणि आईचं मत म्हणजे मटण ताजं, सकाळी सातला कापलेलं, साडेसातला घरी. कुकरला चार शिट्ट्या देऊन रस्सा करणार असाल तर ठीक आहे. पण कापल्यावर काही तासांत स्नायू आखडून घट्ट होतात, ते परत सैल व्हायला थंडीत एक-दोन दिवस जातात, आणि मग मांसातलेच एन्झाइम धागे हळूहळू तोडत राहतात. बाहेरच्या देशात तीन-तीन आठवडे टांगून ठेवतात ते काही उगाच नाही. आपल्या फ्रीजमध्ये तेवढे दिवस नकोच, पण खात्रीच्या दुकानातलं, कापल्यापासून थंडच ठेवलेलं मांस दोन दिवस ठेवलं तर फरक दाताला कळतो. मी एकाच अंडरकटच्या दोन वड्या केल्या, एक त्याच दिवशी, एक तिसऱ्या दिवशी, बायकोला न सांगता खायला दिल्या. दुसरी खाताना माजिवड्याचा विषय निघाला नाही.

आईने फोनवरून कच्ची पपई लाव असंही सांगितलेलं. लावली. अर्ध्या तासाने चांगलं होतं, मी अतिशहाणा म्हणून रात्रभर ठेवलं तर वरचा थर चमच्याने खरवडता येईल असा पिठल्यासारखा झाला आणि आत तसंच घट्ट. पपई वरवरच काम करते, आत जात नाही. अंडरकटला तर गरजच नाही.

मीठ मात्र रात्रीच. दोन्ही बाजूंना मीठ लावून वडी स्टीलच्या जाळीवर, खाली ताटली, फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, उघडीच. मीठ आधी पाणी बाहेर काढतं, वडी घामेजल्यासारखी होते, आणि साधारण पाऊण तासाने तेच खारट पाणी परत आत ओढलं जातं. त्यामुळे एकतर पाऊण तासाच्या वर ठेवा नाहीतर तव्यावर टाकायच्या क्षणी मीठ लावा, मधल्या दहा-वीस मिनिटांच्या वेळेला लावलं तर सगळी ओल वरतीच असते आणि परत शाळेची पँट. रात्रभर उघडं ठेवलं की वरचा पृष्ठभाग कोरडा, जरासा कातडीसारखा होतो, तोच पाहिजे. फ्रीजमध्ये कापलेला कांदा आणि सोडे ठेवू नका त्या दिवशी. मी ठेवले होते.

थर्मामीटर सहाशे रुपयांचा, सुईवाला, डिजिटल. या सगळ्या खर्चात एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या, तवा नंतर. बोटाने दाबून कळतं, तळव्याच्या उंचवट्यासारखं लागलं की झालं वगैरे सांगणाऱ्यांना रोज शंभर स्टेक करायची सवय असते, आपल्याला महिन्यातून दोन. आल्या आल्या बर्फाच्या पाण्यात घालून बघा, शून्य दाखवायला पाहिजे. माझा दीड डिग्री जास्त दाखवतो, मी तेवढे मनात वजा करतो, परत करायला कंटाळा. सुई वरून खुपसायची नाही, कडेने आडवी मधोमध न्यायची. मिडियम रेअर, म्हणजे आतून लालसर राहिलेलं, ५४ ते ५७ डिग्री, मिडियम ६० ते ६३, सत्तरीच्या पुढे गेलं की वेल डन, म्हणजे आतपर्यंत पूर्ण शिजलेलं, बफच्या बाबतीत त्याला मी वेल डन म्हणणार नाही पण ज्याचं त्याचं. गॅसवरून उतरल्यावरही आतलं तापमान तीन-चार डिग्री चढत राहतं, म्हणून मला ५६ पाहिजे असेल तर ५२ला काढायचं.

आणि कापल्यावर जे लाल पाणी येतं ते रक्त नाही, मायोग्लोबिन नावाचं स्नायूतलं प्रथिन आणि पाणी आहे, रक्त दुकानात यायच्या आधीच निघून गेलेलं असतं. हे मी घरात इतक्यांदा सांगितलंय की आता मुलगी शाळेत सांगते. सुरक्षिततेचं म्हणाल तर अमेरिकेच्या कृषी खात्याचा आकडा अख्ख्या तुकड्याला ६३ डिग्री आणि वर ३ मिनिटं थांबणं, खिम्याला ७१, कारण अख्ख्या तुकड्यात जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात आणि खिमा केला की वरचं सगळं आत जातं. म्हणजे मिडियम रेअर त्या आकड्याच्या खालीच येतं, मी माझ्यापुरता खातो, पोरीला आणि म्हाताऱ्या माणसांना नाही देत, गरोदर बाईला तर अजिबातच नाही. पोर्क चॉपलाही तेच ६३, तो या तव्यावर छान होतो पण त्याचं पुराण परत कधी.

प्रत्यक्ष करताना. तवा आठ मिनिटं तापलेला, वडी टिश्यूने परत एकदा टिपलेली. तूप, साजूक. लोणी नाही, कारण लोण्यातलं दूध १७५ डिग्रीच्या आसपासच काळं पडायला लागतं, तुपातून ते आधीच काढलेलं असतं म्हणून ते २३०च्या पुढेही टिकतं, म्हणजे जगभरचे शेफ क्लॅरिफाइड बटर म्हणून ज्याचं कौतुक करतात ते आपल्या फडताळात बरणीत पडलेलंच असतं. वडी टाकली की हात लावायचा नाही, दीड मिनिट. आवाज सतत आला पाहिजे, मधे मंदावला तर समजायचं तवा थंड होता. मग उलटा. त्यानंतर मी दर पाऊण मिनिटाला उलटतो. एकदाच उलटायचा हा नियम मी पाळून पाहिला, कडेला राखाडी पट्टा जाड येतो, सारखा उलटला तर आतून समान शिजतो आणि वेळही कमी लागतो. आणि झटपट भाजून रस आत बंद होतो असं जे म्हणतात ते चूक आहे, एकोणिसाव्या शतकात लीबिग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते पसरवलं, पण खरपूस थरातूनही रस बाहेर येतोच, तो चर्र आवाज त्याचाच असतो. खरपूस करायचं ते चवीसाठी.

शेवटच्या दोन मिनिटांत गॅस बारीक, अजून चमचाभर तूप, चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि पानओव्याची तीन-चार पानं. बाहेर थाइम घालतात, मॉलमध्ये त्याची मूठभर जुडी इतकी महाग की नाव ऐकूनच पोट भरतं, पानओवा आमच्या गॅलरीत कुंडीत फुकट फोफावतो आणि वास बराचसा त्याच अंगाचा. पानं पुसून घ्या नाहीतर तूप तोंडावर उडेल. हे सुगंधी तूप चमच्याने वडीवर घालत राहायचं. आणि इथे, फक्त इथेच, ऑनलाइनचं पॅन तव्याला हरवतं. त्याला काठ आहे, तिरकं केलं की तूप एका बाजूला जमतं आणि चमच्यात येतं. तव्याला काठच नाही, तूप वाहून शेगडीवर, एकदा तर भडका झाला, छोटासा, पण भुवया चाचपून बघितल्या मी. मिरपूड सगळं झाल्यावर, आधी घातली तर जळून कडू होते. पाच मिनिटं थांबा. मग मांसाच्या धाग्यांच्या आडवं कापा.

धुराचं सांगायचं राहिलं. होणार. चिमणी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पहिल्यांदा मी हवा खेळती राहावी म्हणून मुख्य दरवाजा उघडला, धूर लॉबीत गेला, लॉबीत स्मोक डिटेक्टर, आणि चौदाव्या मजल्यावर रविवारी रात्री साडेनऊला अलार्म वाजला. वॉचमन धापा टाकत आला, "सर, काय जळतंय का?" मागे समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, शुद्ध शाकाहारी, नाकाला पदर. त्या काही बोलल्या नाहीत तेच जास्त लागलं. आता किचनची खिडकी उघडी, दरवाजा बंद, खाली टॉवेल.

टिकाऊपणाचं. एका रविवारी आई आली होती, मी झोपलेलो असताना तिने मायेने दोन्ही भांडी काथ्या आणि भांड्यांच्या पावडरने चकाचक घासली आणि रात्रभर पाण्यात ठेवली. सकाळी दोन्ही नारंगी. तवा मी घासून, कांदा-तेल करून एका संध्याकाळीत परत उभा केला, त्याच्या खरखरीत अंगाला तेल चांगलं धरतं. गुळगुळीत पॅनचं मूळ सीझनिंग मात्र पापुद्र्यासारखं सुटायला लागलं, मी जवसाचं तेल लावून ओव्हनमध्ये तीनदा केलं, चकचकीत झालं आणि महिन्याभरात परत खपल्या. आता साधं तेल लावतो. दोन्हीत लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो काही घालू नका, थर खाऊन टाकतं आणि पदार्थ काळा पडतो.

आई बफ खात नाही, हे तिने मला एकदाच सांगितलंय आणि परत सांगायची वेळ मी आणत नाही. तिच्यासाठी बोकडाच्या चापा केल्या, खाटकाला सांगून दोन हाडांची मिळून एक जाड चाप, एक दिवस फ्रीजमध्ये मीठ लावून, त्याच तुपात, त्याच पानओव्यात, तिच्यासाठी थेट ७० डिग्रीपर्यंत. ताट बघून म्हणाली, मसाला कुठाय. मग म्हणाली, कच्चं नाही ना. मग बराच वेळ काहीच बोलली नाही, हाड चोखून झाल्यावर तव्याकडे बघून विचारलं, "त्या मांसाचाच का हा तवा?" मी खरं सांगितलं, आता नाही, पॅन बफला आणि तवा चापांना असं ठेवलंय, पण सुरुवातीचे दोन महिने तव्यावरही बफ केलं होतं. तेव्हा म्हणाली, मग मला माझा वेगळा आण.

तर रेटिंग. तवा पाचपैकी साडेचार, अर्धा भडक्यासाठी कापला. पॅन अडीच, त्यातलाही एक त्या काठाला. थर्मामीटर पाच. अंकलना रेटिंग देणारा मी कोण.

गेल्या शनिवारी आईला घेऊन जांभळी नाक्याला गेलो. तिने स्वतः तवे वाजवून पाहिले, तीन बाजूला सारले, त्यातला एक मला तर ठणठणीत वाटला होता. काकांनी आठशे सांगितले. आई म्हणाली बरं आणि चालायला लागली, पिशवी माझ्या हातात, मीही निघालो. चार पावलं गेलो असू, मागून हाक आली. पाचशे साठला घेतला. त्यामुळे वर तव्याची किंमत सातशे लिहिलीये ती माझी आहे, खरी नाही.